दुकानाबरोबर आलेला संगणक

वालचंदनगरला मी झेरॉक्सचं चालतं दुकान विकत घेतलं. व्यवहार साधाच होता. झेरॉक्सचं मशीन, लॅमिनेशनचं मशीन, रंगीत प्रिंटर, काउंटर, दोन खुर्च्या आणि एक जुना संगणक. आधीचे मालक मुलाकडे राहायला निघाले होते. संगणकाबद्दल ते एवढंच म्हणाले, "सगळ्यांचं सगळं आहे ताई त्यात. कुणाचं काही लागलं तर शोधायला सोपं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. डी ड्राइव्ह उघडला तर फोल्डरच फोल्डर. 'आधार', 'आधार नवीन', 'सातबारा', 'पीक विमा', 'स्कॉलरशिप', 'पासबुक', 'लाडकी बहीण' आणि शेवटी 'इतर'. आधारच्या फोल्डरमध्ये कळंब, लासुर्णे, रणगाव, बोरी अशा आसपासच्या गावांची माणसं होती. पत्ता, जन्मतारीख, फोटो, बारा आकडी नंबर. पासबुकाचं पहिलं पान, खाते क्रमांकासकट. 'इतर'मध्ये तर बघवेना. कुणाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, कुणाची कोर्टाची नोटीस, एका बाईच्या पोटगीच्या अर्जाचा मसुदा, आणि माझ्याच चुलत सासूबाईंच्या तपासणीचा कागद. आपल्याला काय आजार आहे हे त्यांनी घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. दुकानात प्रिंट काढायला त्यांनी तो व्हॉट्सॲपवर पाठवला असणार, आणि प्रिंट घेऊन त्या घरी गेल्या असणार. कागद मात्र इथेच राहिला.

मी पुण्यातल्या भाचीला फोन केला. ती एका कंपनीत आहे. तिने विचारलं, "मावशी, हे ठेवायला तुला कुणी सांगितलंय?" कुणीच सांगितलं नव्हतं. मग तिने मला कायद्याची पीडीएफ पाठवली: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023. "आमच्याकडे सध्या सगळे याच्याच मागे आहेत," म्हणाली. "तुलाही वाचावा लागेल."

कायदा असा मी आजवर वाचलेला नव्हता. 44 कलमं आहेत, इंग्रजी आहे, आणि एका वाक्यातून दुसऱ्या कलमात पाठवतात. 11 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, नियम मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये आले. म्हणजे कायदा आला पण लागू झाला का? थोडा झाला. डेटा संरक्षण मंडळाबद्दलची कलमं लगेच लागू झाली, आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार आहेत. एवढं कळायलाच मला बराच वेळ लागला. त्यात शेवटी अनुसूचीत दंड दिलाय. माहिती नीट सांभाळली नाही तर 250 कोटी रुपयांपर्यंत. दोन रुपयाला एक झेरॉक्स काढणाऱ्या बाईने हा आकडा वाचला की काय होतं, ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. त्या रात्री मी संगणकाची वायर काढून ठेवली.

बारामतीला ओळखीचे एक वकील आहेत. त्यांच्याकडे गेले. दंडाचं त्यांनी आधी मिटवलं: तो 'पर्यंत' आहे, चूक किती मोठी, किती दिवस चालली, त्यातून काय घडलं हे बघूनच मंडळ ठरवतं. मग म्हणाले, आता मुद्द्याचं बोला, या कायद्यात तुम्ही कोण?

माझा सगळा गोंधळ नेमका तिथेच होता. कायद्यात तिघे आहेत. एक म्हणजे ज्याची माहिती आहे ती व्यक्ती. दुसरा, ती माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारा. त्याला कायद्यात डेटा फिड्युशरी म्हटलंय, आणि जबाबदारी सगळी त्याच्यावर टाकलीय. तिसरा, त्याच्या वतीने नुसतं काम करून देणारा, डेटा प्रोसेसर. मला वाटत होतं मी यात कुठेच नाही. शेतकरी सातबारा आणतो, कृषी खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज असतो, मी टाइप करते आणि पैसे घेते.

"अर्ज भरेपर्यंत ठीक आहे," वकील म्हणाले. "पण अर्ज गेल्यावर फाइल ठेवून द्यायची, हे कुणी ठरवलं? कृषी खात्याने? शेतकऱ्याने?"

दुकानाने ठरवलं. पुढच्या वेळी लागेल म्हणून. त्यांच्या मते, ज्या क्षणी दुकान स्वतःच्या सोयीसाठी फाइल ठेवतं, त्या क्षणापासून तिची जबाबदारीही दुकानाची होते. हा आपला अर्थ आहे, मंडळापुढे असं प्रकरण अजून गेलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण मला ते पटलं. कायद्यातलं दुसरं एक कलम त्याला धरूनच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवायला सांगितलेली नसेल, तर माहिती पुसायची. 2019 च्या पीक विम्याचं काम 2019 लाच संपलं होतं.

मग मी काउंटरवर बसून माझं काम नव्याने बघू लागले, आणि तिथे मला फाइलींपेक्षा मोठी गोष्ट दिसली.

कायदा म्हणतो, संमती मोकळेपणाने दिलेली हवी, विशिष्ट कामापुरती हवी, सगळं समजून दिलेली हवी, विनाअट हवी, आणि स्पष्ट कृतीतून दिसायला हवी. दिली तितक्याच सहज ती परत घेता आली पाहिजे. कुठली माहिती, कशासाठी, हे आधी सांगायला हवं. आणि ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. म्हणजे मराठीतही. वाचताना मला फार बरं वाटलं. पण माझ्या दुकानात काय घडतं? अर्जाच्या शेवटी चौकट असते, 'वरील माहिती वापरण्यास माझी संमती आहे.' ती टिक कोण करतं? मी. समोर बसलेल्या माणसाला स्क्रीन दिसतसुद्धा नाही. अख्ख्या पंचक्रोशीची संमती माझ्या उजव्या हाताच्या एका बोटातून जाते.

शेतकरी ओळख क्रमांकाचं घ्या. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला, आणि ज्यांचा राहिला होता ते अजूनही येतात. नीरा डाव्या कालव्यावरचे उसाचे शेतकरी, सकाळी पाण्याची पाळी सोडून आलेले, पायाला चिखल. परवा एक आजी आल्या. अंगठा लागेना. आयुष्यभर ऊसतोडी आणि खुरपणी, बोटांवरच्या रेषाच राहिल्या नाहीत. मग ओटीपी. ओटीपी गेला मुलाच्या फोनवर, मुलगा भोसरीला कामावर. आजींनी फोन लावला, स्पीकर सुरू केला, आणि मुलाने आकडे मोठ्याने वाचले. मागे रांगेत सगळे ऐकत होते. एकाने तर मला मदत म्हणून ते आकडे पुन्हा सांगितले.

त्या दिवशी पहिल्यांदा मी टिक करायच्या आधी थांबले आणि म्हटलं, "आजी, यात तुमचं नाव, आधार, गट नंबर, जमीन किती हे सरकारकडे नोंदवलं जाणार, योजनांसाठी. करू ना?" आजी म्हणाल्या, "नाही म्हटलं तर हप्ता येईल का?" मी म्हटलं, येणार नाही. "मग विचारतीस कशाला बाई?"

या प्रश्नाचं उत्तर मी कायद्यात शोधलं, आणि सापडलंही. सातव्या कलमात काही कामं अशी दिली आहेत की तिथे वेगळी संमती लागत नाही, आणि सरकारी अनुदान, लाभ, दाखले, परवाने त्यात बसू शकतात. म्हणजे आजींचं म्हणणं कायद्याच्या भाषेतही बरोबरच होतं. पण मला अजून वाटतं की विचारायला हवंच. संमती म्हणून नाही, निदान सांगणं म्हणून. आपलं काय कुठे गेलं हे माणसाला माहीत असलं तरच पुढे त्याला दुरुस्ती मागता येईल, आणि संमतीने दिलेल्या माहितीतली चूक दुरुस्त करून घ्यायचा हक्क याच कायद्यात आहे. नावात काना-मात्रेचा फरक पडला म्हणून अडलेले हप्ते मी रोज बघते.

जिथे नाही म्हणता येतं तिथे तर सांगणं फारच महत्त्वाचं आहे. इथल्या कारखान्यात कंत्राटावर लागलेला एक पोरगा आला. मोबाइलवरून कर्ज घ्यायचं होतं, कागद स्कॅन करून हवे होते. ॲप उघडलं तर ते त्याच्या फोनमधली सगळी नावं-नंबर बघायची परवानगी मागत होतं. तो 'अलाउ' दाबणार एवढ्यात मी विचारलं, कर्ज तुला, मग तुझ्या मामाचा नंबर त्यांना कशाला? तो म्हणाला, सगळीच मागतात काकी. मी त्याला कायद्यातलं एक उदाहरण सांगितलं, कारण तेवढं एक मला अगदी स्वच्छ कळलं होतं. फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं एक ॲप आहे, ते उपचारासाठीची माहिती मागतं आणि बरोबर फोनमधली नंबरांची यादीही मागतं. बाईने दोन्हीला होकार दिला. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला यादी लागत नाही, तेव्हा तिची संमती उपचारापुरतीच धरायची. कर्जाच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेनेही 2022 मध्येच कर्ज देणाऱ्या ॲपना अशी यादी घ्यायला मनाई केलेली आहे. पोराने ते ॲप काढून टाकलं. त्याच्याच खोलीवरच्या एकाने पूर्वी असंच कर्ज घेतलं होतं, हप्ता चुकल्यावर गावी त्याच्या बहिणीच्या सासरी फोन गेले होते, हे त्याने मला नंतर सांगितलं. तसं झालं की माणसाला कुठे तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आधारचंही तसंच. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार काढता येतं, फक्त शेवटचे चार दिसतात. मी लोकांना ते काढून देऊ लागले. एका कार्यालयातून माणूस परत आला, "पूर्ण नंबर दिसला पाहिजे म्हणतात." कुठल्या नियमाने, ते लिहून द्या म्हणून मी त्याला अर्ज टाइप करून दिला. अर्ज बघितल्यावर झाकलेलीच प्रत घेतली. प्रत्येक ठिकाणी असं होईल असं मी म्हणत नाही, पण विचारल्याशिवाय कळतही नाही.

काही गोष्टी माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या निघाल्या. हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. काउंटरखाली उधारीची वही आहे, तिच्यात नावं, फोन नंबर सगळं आहे. ती या कायद्यात येत नाही. तीच पानं स्कॅन केली की येते. आणि बिघडलेल्या प्रती? वाकडी आलेली, काळी पडलेली आधारची झेरॉक्स आधी रद्दीत जायची. रद्दीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. भेळ खाताना कागदावर कुणाचा तरी फोटो आणि जन्मतारीख मी स्वतः पाहिलेली आहे. कागद आहे म्हणून कायदा गप्प आहे, पण त्या फोटोतल्या माणसाला त्याने काय फरक पडतो? मी बिघडलेल्या प्रती फाडून, भिजवून टाकते. वेळ जातो, जाऊ दे.

ऊसवाल्यांकडून एक वेगळाच प्रश्न आला. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायचा प्रयोग केलाय. उपग्रहाची चित्रं, मातीतले सेन्सर, हवामान, यांवरून पाणी कधी द्यायचं ते फोनवर येतं. एका तरुण शेतकऱ्याने मला विचारलं, माझ्या रानातला ओलावा ही माझी वैयक्तिक माहिती का? ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक, अशी व्याख्या आहे. नुसता ओलावा नाही. पण गट नंबर, खातेदाराचं नाव आणि एकरी टनेज एकत्र आलं की माणूस ओळखू येणारच. तो म्हणाला, मग सावकाराच्या आधी मलाच कळलं पाहिजे कुणाकुणाला दिलं ते. कायद्याने तसं विचारायचा हक्क त्याला मिळणार आहे.

एका गोष्टीने मात्र मी दोन मनांत सापडले. कारखान्याच्या कॉलनीत एक निवृत्त फिटर काका आहेत. माहिती अधिकाराचे अर्ज करणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं काम. अर्ज टाइप करायला ते माझ्याकडे येतात. घरकुलाच्या यादीत कोण, रोजगार हमीची हजेरी कुणाची, हे त्यांनी काढलेलं आहे. 2005 चा केंद्राचा कायदा यायच्या आधी महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा होता, अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या वेळचं सगळं त्यांना आठवतं. मी मोठ्या उत्साहाने त्यांना नवा कायदा सांगायला गेले. ते म्हणाले, "44 व्या कलमाचं तिसरं पोटकलम वाचलंस का?"

वाचलं होतं, पण कळलं नव्हतं. त्याने माहिती अधिकार कायद्याचं 8(1)(जे) बदललं, आणि हे लगेच लागू झालेल्या भागात आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर अटी होत्या: सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसावा किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात नाहक घुसखोरी व्हावी, आणि व्यापक जनहित असेल तर द्यायची. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही, असंही तिथे होतं. आता एवढंच उरलंय की माहिती वैयक्तिक असेल तर नाकारता येईल. "यादीत नाव आहे म्हणजे वैयक्तिकच," काका म्हणाले. "मग खोटं नाव घातलेलं बाहेर कसं यायचं?"

जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे 8(2) कलम अजून आहे, आणि अनुदानाच्या लाभार्थींचा तपशील स्वतःहून जाहीर करायची जबाबदारी त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. काका आता अर्जात ही दोन्ही कलमं लिहायला लावतात. पण अधिकाऱ्याला नाही म्हणायला सोपं झालंय, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पोटगी मागणाऱ्या बाईचा कागद कुणाला दिसू नये, आणि घरकुलाची यादी सगळ्यांना दिसावी. मला दोन्ही हवंय, आणि दोन्ही एकाच वेळी मागण्यात मला काही चूक दिसत नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं ते माणसासाठी. ग्रामपंचायतीच्या कपाटासाठी नव्हे.

आणखी एक खटकलं. दंडाची रक्कम जाते सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून काही मिळत नाही. खातं ज्याचं रिकामं झालं तो मात्र तसाच.

आता फोल्डरांचं काय करायचं? मी सगळं पुसून टाकायला निघाले होते. त्याच आठवड्यात एक आजोबा आले. कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंदांनी 1930 च्या दशकात वसवलेलं हे कारखान्याचं गाव, त्यांचे वडील पहिल्या पिढीतले कामगार. साखरेपासून पुढे यंत्रं आणि आता रॉकेटच्या मोटरची केसिंगं इथे बनतात, आजोबांची सगळी नोकरी याच गावात गेली. ते म्हणाले, "माझ्या नोकरीच्या दाखल्याची प्रत काढून दे. मूळ कागद वाळवीनं खाल्ला. तुझ्या मशीनमधे आहे." शोधला तर खरंच होता. जगात त्या दाखल्याची तेवढी एकच प्रत उरली होती, 'इतर'मध्ये.

म्हणून मी घाईने पुसलं नाही. आधी संगणकाचं इंटरनेट तोडलं, पासवर्ड घातला, फोल्डर कुलूपबंद केले. रोजच्या कामाला दुसरा संगणक घेतला. त्याच्यावर काम झालं की गिऱ्हाइकासमोरच फाइल पुसते, रिसायकल बिनमधूनसुद्धा, आणि व्हॉट्सॲपमधूनही. जुन्या फोल्डरमधल्या लोकांना निरोप धाडते. ज्यांना हवं त्यांना पेनड्राइव्हवर किंवा छापून देते, डिजिलॉकर उघडून देते, आणि मग त्यांच्या तोंडी सांगण्यावरून पुसते. चुलत सासूबाईंना मी दुपारी, कुणी नसताना बोलावलं. त्यांनी स्वतःच्या हाताने डिलीट दाबलं, आणि पुन्हा एकदा उघडून दाखवायला लावलं, गेलंय का ते.

कोण येत नाही? स्थलांतर केलेले येत नाहीत. वारलेल्यांचे कागद आहेत. आपल्या मागे हे हक्क कुणी वापरायचे त्याचं नाव देऊन ठेवायची सोय कायद्यात आहे, पण या माणसांनी ते कधी दिलं असणार? वारस ओळखीचा असेल तर त्याला विचारते. बाकीच्यांसाठी दिवाळीपर्यंतची मुदत ठेवून बाहेर पाटी लावलीय: जुने कागद घेऊन जा, नंतर पुसले जातील. पाटीच्या खालच्या ओळी नव्या गिऱ्हाइकांसाठी आहेत: तुमचा कागद काम झाल्यावर इथे राहणार नाही. टिक करायच्या आधी वाचून दाखवायला सांगा. ओटीपी मोठ्याने बोलू नका, लिहून दाखवा.

जंक्शन गावच्या एका दुकानदाराने पाटीचा फोटो काढून नेला. लासुर्ण्याच्या दुसऱ्याला मात्र ती पटलेली नाही. दर वेळी कागद पुन्हा आणायला सांगितलं तर गिऱ्हाईक तुटतं, असं तो म्हणतो, आणि माझंही काही गिऱ्हाईक त्याच्याकडे गेलेलं आहे. मे 2027 च्या आत आसपासच्या सगळ्या दुकानांनी एकच पाटी लावावी यासाठी आम्ही वकिलांना जंक्शनला बोलावलंय. लासुर्णेकरांनी यायचं कबूल केलंय. त्यांचे प्रश्न माझ्याहून अवघड आहेत, ते त्यांनी कागदावर लिहून काढलेत.